पहाट निसटते, तेव्हा देवासाठी वेळ कुठून काढायचा?

खानापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या बेळगावात एका खासगी दवाखान्यात बिलिंगला आहेत. सकाळी साडेआठची बस धरायची आणि घरी यायला सात वाजायचे. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, दोघंही कन्नड माध्यमात. सासूबाई घरातच असतात, त्यांना शुगर आहे. नळाला पाणी दिवसाआड येतं, तेही पहाटे. त्यात रविवारी संडे स्कूल, बुधवारी घरोघरची प्रार्थना आणि महिला मंडळाचा हिशेबही त्यांच्याकडेच. त्या लिहितात: ‘जानेवारीत वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचं ठरवलं होतं, लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकले ती अडकलेच. पहाटे चारला उठून बघितलं, तर बायबलवरच डोळा लागला. मंडळीत सगळ्यांना वाटतं ही बाई प्रार्थनेत पक्की आहे, पण आतून मी कोरडी पडले आहे. देव माझ्यावर नाराज असेल का?’

प्रिय भगिनी, ख्रिस्तात सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. पहाटेचा अर्धा तास दिला नाही म्हणून पाप लागतं, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. दानीएल दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकत असे. इसहाक संध्याकाळी शेतात मनन करायला गेला होता. स्तोत्रकर्ता रात्री अंथरुणावर देवाची आठवण काढतो. प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला हे आपण नेहमी ऐकतो. पण तोच प्रभू दिवसभराची गर्दी पांगल्यावर संध्याकाळी डोंगरावरही गेला. वेळा सगळ्यांच्या वेगळ्या आहेत. ठरवून बाजूला होणं मात्र प्रत्येकाकडे आहे, आणि तुमच्या दिवसात नेमकं तेवढंच राहून गेलं आहे. उरलेल्या वेळात देवाला बसवायला गेलात तर वेळ कधीच उरत नाही.

पहाटे चारचा हट्ट आजच सोडा. भांडी आवरून आडवं व्हायला तुम्हाला साडेअकरा होतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. चारला उठलात तर झोप साडेचार तासांची, आणि ती रोज. अशा शरीराला बायबलवर डोळा लागणारच, त्यात विश्वासाचा काही दोष नाही. एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. होरेब डोंगर आणि देवाची ती मंद वाणी त्यानंतरची आहे (१ राजे १९). आधी झोप सहा-साडेसहा तासांपर्यंत आणा. त्यासाठी रात्री मोबाईल बघण्यात जाणारी वीस-पंचवीस मिनिटं कापली तरी बरंच साधेल.

आता वेळेचं. तुमच्या घरात एकच वेळ बाराही महिने चालणार नाही, कारण पाळी फिरते. म्हणून दोन वेळा ठरवा, एक सकाळची आणि एक रात्रीची. पहिल्या पाळीच्या आठवड्यात नवऱ्याचा डबा करायला तुम्ही पाचला उठताच. सहाला त्यांची गाडी बाहेर पडते आणि मुलं साडेसहाला उठतात. मधली पंधरा मिनिटं तुमची. रात्रपाळीच्या आठवड्यात ते कामावरच असतात, तेव्हाही हीच सहाची वेळ चालेल. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते मध्यरात्री परततात, सकाळ सगळीच पुढे सरकते, त्यामुळे त्या आठवड्यात सकाळच्या नादी लागू नका. मुलं साडेनऊला झोपली की पावणेदहाला बसा. पाणी येण्याच्या दिवशीही रात्रीचीच वेळ, कारण पहाटे हंडे-बादल्या भरताना मन नळाशीच राहणार. कॅलेंडरवर पाळी लिहिता त्याच चौकोनात ‘स’ किंवा ‘रा’ लिहून ठेवा, म्हणजे रोज नव्याने ठरवायची पाळी येणार नाही. आणि घड्याळापेक्षा घटनेला धरा. गाडी गेली की बसायचं, मुलांच्या खोलीतला दिवा मालवला की बसायचं. सहा वाजता म्हटलं की सहा-दहा होतात आणि मग ‘आता काय, उद्या बघू’ असं होतं.

जागेची अडचण तुम्ही लिहिली आहे: दोन खोल्या, त्यात सासूबाई. दार लावून घ्या असं प्रभू म्हणतो (मत्तय ६), पण लावायला दारच नसेल तर? मेथडिस्ट मंडळ्यांत त्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या आईची, सुझॅना वेस्लींची गोष्ट सांगतात. एकोणीस बाळंतपणं झालेली ती बाई भरल्या घरात एप्रन डोक्यावर घेऊन प्रार्थनेला बसायची, आणि मुलांना कळायचं की आता आईला हाक मारायची नाही. आपल्याकडे पदर किंवा ओढणी डोक्यावर घेण्याची रीत आहेच. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, पाट टाकून बसा. सासूबाईंना आणि मुलांना एकदाच सांगा: डोक्यावर पदर असेपर्यंत पंधरा मिनिटं हाक मारायची नाही, कुणाला लागलं-खुपलं तरच मारायची. पहिले आठ-दहा दिवस मुलगा येणारच. रागावू नका, हाताने खूण करा आणि वाचत राहा. जागा मात्र रोज तीच ठेवा. रोज नवा कोपरा शोधलात तर पहिली पाच मिनिटं मन बसण्यातच जातात.

सोबत काय असावं? छापील पवित्र शास्त्र, शंभर पानी वही, पेन आणि एक सुटा कागद. मोबाईल दुसऱ्या खोलीत. बायबल अ‍ॅप सोयीचं आहे हे खरं, पण त्याच पडद्यावर महिला मंडळाचा ग्रुप आणि दवाखान्यातली ड्युटीची यादी येते. अ‍ॅपवरच वाचायचं असेल तर मराठी बायबल आधी डाउनलोड करा आणि त्या वेळापुरतं इंटरनेट बंद ठेवा. छापील प्रतीत बारीक टाईप दिसत नसेल तर मोठ्या अक्षरांची प्रत घ्या. चाळिशीजवळ आल्यावर अनेकांचं वाचन डोळ्यांपायी सुटतं आणि दोष भक्तीला लागतो.

सुटा कागद कशाला, तर डोळे मिटले की गॅस बुकिंग, मुलीची फी, सासूबाईंच्या गोळ्या हे सगळं आठवायला लागतं. ते दाबू नका, कारण दाबलेलं दुप्पट वर येतं. एका शब्दात कागदावर टिपा, ‘गॅस’, आणि परत वचनाकडे या. पहिल्या आठवड्यात कागद भरेल, पुढे पुढे दोन-तीन शब्दांवर येईल. उठताना तो कागद डब्याच्या पिशवीत टाका, काम विसरलं जाणार नाही याची मनाला खात्री हवी असते.

पंधरा मिनिटं कशी वापरायची ते एका उताऱ्यावर दाखवतो. समजा आज मार्कच्या शुभवर्तमानातला १:२९-३४ हा उतारा आहे. पहिलं एक मिनिट काही न बोलता बसा, श्वास शांत होऊ द्या, आणि मनात एवढंच म्हणा: ‘प्रभू, बोल, तुझी दासी ऐकत आहे.’ मग उतारा हळू आवाजात वाचा, ओठ हलले पाहिजेत. नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर ओळखीच्या उताऱ्यावरून नजर घसरते. एकदा वाचून झालं की पुन्हा वाचा, या वेळी कोण काय करतंय तेवढंच बघत. शिमोनाची सासू तापाने पडली आहे. घरचे येशूला लगेच सांगतात. तो जवळ जातो, हात धरून उठवतो, ताप जातो आणि ती त्यांची सेवा करू लागते. सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी जमतं. एवढ्याला पाच मिनिटं पुरतात. मग वहीत तारीख आणि फक्त एक ओळ. ती उपदेशाची नको, तुमच्या घरातली हवी. उदाहरणार्थ: ‘त्यांनी त्याला लगेच सांगितलं. मी आईंच्या शुगरबद्दल डॉक्टरांना सांगते, शेजारणीला सांगते, प्रभूला सांगायचंच राहतं.’ ‘देव बरं करतो’ असं लिहिलंत तर ती ओळ कुणाचीही होईल आणि उद्या लक्षात राहणार नाही.

उरलेली सहा-सात मिनिटं प्रार्थना. ती त्या ओळीतूनच सुरू करा, म्हणजे रोजची तीच तीच वाक्यं आपोआप कमी होतात. आधी उपकार, मग काल कुठे चुकलं त्याची कबुली, मग मागणी. मागणीची यादी मोठी असेल तर वारांवर वाटा: सोमवारी मुलं, मंगळवारी नवरा आणि भट्टीजवळ काम करणारे त्यांचे सोबती, गुरुवारी दवाखान्यातले रुग्ण आणि सहकारी, असं. रोज तीस नावं घेतली तर ती हजेरी होते. एका दिवशी चार नावं घ्या, पण प्रत्येकाशी थांबा. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. पंधराची पंचवीस मिनिटं करण्याचा मोह पहिले दोन महिने तरी टाळा. एक दिवस फार गोड जातो, माणूस पाऊण तास बसतो, दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ नसतो म्हणून बसतच नाही. बहुतेकांचं इथेच तुटतं.

वर्षभरात पूर्ण बायबलचं तुमचं का फसलं ते बघा. ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपवून एकही दिवस न चुकवणारा माणूस जानेवारीच्या अखेरीस लेवीयवर येतो. तिथे यज्ञांचे, शुद्धाशुद्धतेचे नियम, आणि ते कशासाठी हे समजावणारं जवळ कुणी नाही. त्यात मुलाला ताप आला, आठवडा चुकला, की तेवीस अध्यायांची बाकी चढते. मग वाचन बाकी फेडण्यासाठी होतं आणि ऐकणं थांबतं. तुम्ही लेवीय सोडलंत यात लाज कसली! ते पुस्तक पाळकांसोबत किंवा बायबल अभ्यासात वाचा, फार मोलाचं आहे. एकटीने सुरुवात करायला मार्क घ्या. सोळा अध्याय आहेत. रोज सहा-सात वचनं घेतली तर साधारण चार महिन्यांत होईल. पुढे वर्षभराचं काही हवं असेल तर नव्या करारात २६० अध्याय आहेत: आठवड्याला पाच, ५२ आठवडे. शनिवार-रविवार मोकळे राहतात, चुकलेलं भरायला. आणि आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस चुकले तर मागचं भरू नका, आजच्या तारखेचं वाचा. थकबाकी नाही, दंड नाही. (कॅथलिक वाचकांनी वेगळी योजना शोधायची गरज नाही, रोजच्या मिस्साची वाचनं आयतीच ठरलेली असतात.)

मधेच व्यत्यय आला तर? मार्कचा सहावा अध्याय उघडा. येणारे-जाणारे इतके होते की शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती. येशू त्यांना म्हणाला, एकांतात चला, थोडा विसावा घ्या. ते तारवात बसून गेले, तर लोक पायी धावत त्यांच्या आधीच तिथे पोचले. ठरलेला विसावा गेला. येशू चिडला नाही, त्याला कळवळा आला, त्याने शिकवलं, पाच हजारांना जेवू घातलं. पण इथे वाचन थांबवू नका, कारण आपण बहुधा इथेच थांबतो. त्यानंतर त्याने शिष्यांना तारवात बसवलं, लोकांना निरोप दिला आणि प्रार्थनेला डोंगरावर गेला. हुकलेलं त्याने त्याच दिवशी परत मिळवलं. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा: सकाळी सहाला सासूबाईंची शुगर उतरली, साखर-पाणी द्यावं लागलं, तर ती सेवाच आहे. वही मिटा, रात्री पावणेदहाला तोच उतारा उघडा. रात्रीही जमलं नाही तर अंथरुणावर स्तोत्र ४ म्हणा, आठच वचनं आहेत, आणि झोपा.

बसमध्ये वाचायचा बेत करू नका. कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत करणारी शक्ती योजना सुरू झाल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, सकाळच्या गाड्यांत बायकांची गर्दी किती असते ते तुम्हीच जाणता. एका हाताने दांडी धरून बारीक अक्षर वाचता येत नाही. बस पाठांतराला ठेवा. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर आठवड्याची दोन वचनं लिहून पर्समध्ये टाका, तिकीट काढताना दिसतील. स्तोत्र १२१ आठ वचनांचं आहे, आठवड्याला दोन वचनं धरली तर महिन्यात तोंडपाठ. मात्र हे त्या पंधरा मिनिटांच्या जागी धरू नका.

आता जरा अवघड गोष्ट. तुमचा वेळ नोकरीइतकाच मंडळीच्या कामानेही खाल्ला आहे, आणि ते काम देवाचं असल्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. येशू घरी आला तेव्हा पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेची धावपळ कुणा परक्यासाठी नव्हती, खुद्द प्रभूसाठी होती, तरी त्याने तिला थांबवलं. संडे स्कूलचं चालू ठेवा, तुमचा जीव त्यात आहे हे पत्रात दिसतं. पण धड्याची तयारी आणि तुमचं स्वतःचं वाचन एक करू नका. तयारी करताना मनात प्रश्न असतो, मुलांना काय सांगू? स्वतः वाचताना प्रश्न असतो, प्रभू मला काय सांगतो? पहिला प्रश्न दुसऱ्याला गिळून टाकतो. शिकवणाऱ्या माणसाचं मन बहुतेक वेळा असंच कोरडं पडत जातं, आणि बाहेर कुणाला दिसत नाही. म्हणून रविवारी जो उतारा शिकवायचा तो त्या आठवड्यात तुमच्या पंधरा मिनिटांत घ्यायचा नाही, आणि दोघांच्या वह्याही वेगळ्या. हिशेबाचं काम मात्र सोडा. पुढच्या बैठकीत स्पष्ट सांगा: ‘या मार्चअखेरचा हिशेब पूर्ण करून देते, एप्रिलपासून दुसरं कुणीतरी बघा.’ ‘जमलं तर बघा’ असं म्हणालात तर वही पुन्हा तुमच्याच हातात येईल.

मुलांची भाषा. तुम्हाला खंत आहे की मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे कौटुंबिक प्रार्थना बंद पडली. आपल्या भागात हे घरोघर आहे आणि मार्ग सोपा आहे. कन्नड पवित्र शास्त्र, सत्यवेद, घरात आणा. रात्री जेवणाआधी दहा मिनिटं बसा: मुलगी चार वचनं कन्नडमधून वाचेल, तीच चार सासूबाई मराठीतून वाचतील, अध्याय आणि वचनांचे आकडे सारखेच आहेत. गाणं मराठी म्हणा, पाठ असलं की लिपी लागत नाही. मुलीला शाळेत हिंदी असेल तर देवनागरी अक्षरं तिला ओळखीची आहेत, सहा महिन्यांत ती मराठीही अडखळत वाचू लागेल. मुलाला वाचायला लावू नका, त्याला एका वाक्याची प्रार्थना करू द्या. पण ही कुटुंबाची प्रार्थना झाली, तिने तुमची पंधरा मिनिटं भरून निघत नाहीत.

डिसेंबरात कॅरोलच्या फेऱ्या रात्री बारापर्यंत चालतात, तेव्हा सगळं कोलमडेल हे आधीच धरून चाला. त्या तीन आठवड्यांसाठी पाच मिनिटं ठेवा: लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतली चार-पाच वचनं आणि प्रभूची प्रार्थना. ईस्टरआधीच्या उपवासकाळात उलटं होतं. चाळीस दिवस माणूस जोरात धावतो आणि ईस्टरनंतर बायबल महिनाभर उघडत नाही. ईस्टरच्या सोमवारी काय वाचायचं ते आधीच्या शनिवारी वहीत लिहून ठेवा.

कोरडेपणाबद्दल एवढंच. बसलात आणि काहीच जाणवलं नाही, शब्दही सुचले नाहीत, तर स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहा वचनं आहेत. पहिल्या दोनच वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, आणि देवाने ही तक्रार आपल्या पुस्तकात ठेवून घेतली आहे. अशी प्रार्थनाही प्रार्थनाच. मात्र झोप न लागणं, जेवण नकोसं होणं, विनाकारण रडू येणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना दाखवा. तुम्ही दवाखान्यातच आहात, लाजू नका. थायरॉईड, रक्त कमी असणं, मनाचा थकवा यांना औषध आहे, आणि औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

येत्या सोमवारपासून सुरू करा. रविवारी रात्री वहीच्या पहिल्या पानावर पुढचं उतरवून घ्या, सगळं मार्कच्या पहिल्या अध्यायातलं आहे. सोमवार १ ते ८, मंगळवार ९ ते १३, बुधवार १४ ते २०, गुरुवार २१ ते २८, शुक्रवार २९ ते ३४, शनिवार ३५ ते ३९. रविवारी उपासनेत जे वाचतील तेच तुमचं. शनिवारचा उतारा जरा सावकाश घ्या: शुक्रवारच्या वाचनात सगळं गाव दाराशी होतं, आणि पहाटे शिमोन शोधत येऊन सांगतो की सगळे तुला शोधत आहेत. त्यावर प्रभू काय उत्तर देतो ते बघा आणि हिशेबाच्या वहीबद्दल महिला मंडळात बोलायचं ते त्यानंतर ठरवा. पुढच्या सोमवारी ४० ते ४५.